निकोप पोट

१९६१ साली म्हसळ्याजवळच्या एका गावात धर्माजी खोतांना हगवण लागली. जहाल औषधांनी रोगाचे जंतू मेले, पण त्यांच्याबरोबर पोटातले चांगले जंतूही मेले. महिना झाला तरी जुलाब थांबेनात, खोत खाटेला खिळले.

पोटातल्या जंतूंवर संशोधन करणाऱ्या डॉक्टर वाकणकरांनी शेवटचा उपाय सांगितला. निरोगी माणसाच्या शौचातले जंतू एनिमाने खोतांच्या आतड्यात सोडायचे. त्यांनी गावातल्या चाळीस जणांची तपासणी केली. सगळ्यांत निकोप पोट निघालं ते बौद्धवाडीतल्या जनीचं.

"जनीबाई, तुमचं नाव मी कुणालाही कळू देणार नाही," डॉक्टर तिला म्हणाले.

"का म्हून? मी काय चोरी करतेय? आधी खोतांना माझं नाव सांगा. ते व्हय म्हनले, तरच देईन."

नाव ऐकताच खोतांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी बायको रडायला लागली, तेव्हा कसेबसे म्हणाले, "व्हय म्हणून सांगा तिला."

आठवड्याभरात खोत उठून बसले, पोटभर भात जेवले.

दुसऱ्याच सकाळी जनीने गावच्या विहिरीत कळशी सोडली. तिच्या वाडीतल्या कुणाला तिथे आजवर पाणी भरू दिलं नव्हतं. "विहीर बाटवलीस गं!" बायका ओरडल्या. जनीने भरलेली कळशी कमरेवर घेतली.

"विहिरीचं मागनं बगू. आधी खोतांच्या पोटाचं काय करायचं, ते ठरवा."