नजर त्यांची हवी

"सुई तू टोच, पण नजर त्यांची हवी," माईंनी डॉक्टर पोरीला निक्षून सांगितलं.

त्यांची, म्हणजे त्या पांढऱ्या केसांच्या मोठ्या डॉक्टरांची. रोज सकाळी ते हात मागे बांधून खाटेखाटेपाशी थांबत आणि झोप लागली का विचारत. त्यांना बघून सिस्टरसुद्धा हसायच्या. माईंना माणूस पटला होता.

माईंच्या छातीत पाणी साचलं होतं. चार शब्द बोलल्या की धाप लागायची, आडवं होणं तर विसराच. पाणी काढल्याशिवाय सुटका नव्हती. पण मागच्या दवाखान्यात एकाने पाठीत अंदाजाने सुया खुपसल्या होत्या आणि थेंबही निघाला नव्हता. तेव्हापासून सुई म्हटलं की माई पाठ भिंतीला लावून बसायच्या. त्यात ही कालची पोर.

"आता अंदाजाचं काम नाही, माई," डॉक्टर म्हणाली. "सोनोग्राफीत पाणी दिसतं. दिसेल तिथेच सुई जाईल."

"मशीनला दिसेल गं. तुला दिसायला हवं ना."

शेजारी उभी असलेली सून कानकोंडी झाली.

"सुई मीच टोचणार, हे कबूल ना? मग बोलावते त्यांना. पण माई, ते काही..."

"ते काही नाही. बोलाव."

ते आले. पांढरा सदरा, पायात सपाता. माई पुढ्यातल्या टेबलावर उशी घेऊन ओणव्या बसल्या होत्या. ते समोरच्या स्टुलावर टेकले.

"या मुलीचा हात मला चांगला माहीत आहे," ते म्हणाले. "निर्धास्त राहा."

माईंच्या पाठीला गार जेल लागलं. स्टुलावरूनच त्यांनी माईंना मशीनच्या पडद्याकडे बोट दाखवलं. "तो काळा भाग दिसतोय? ते पाणी."

"बाई गं, एवढं?"

"आता मुंगी चावेल. मग नुसता दाब वाटेल. खोकला आला तर सांगायचं, हलायचं नाही."

अगदी तसंच झालं. माईंनी त्यांचं मनगट गच्च धरलं. मनगटावरचा कसलासा पट्टा तळहाताला रुतला, पण माईंना त्याची कुठली शुद्ध.

"झालं का?" माईंनी विचारलं.

"कधीच," मागून डॉक्टर म्हणाली. "बाटली भरत आली."

कितीतरी दिवसांनी माईंनी पोटभर श्वास घेतला. त्यांना रडूच आलं, आणि लगेच हसूही.

"बघितलंस?" ते गेल्यावर त्या सुनेला म्हणाल्या. "समोर मोठं माणूस असलं की पोरांचा हात कसा सरळ चालतो." डॉक्टर पोरीने पाठीवर पट्टी चिकटवली, गालातल्या गालात हसली आणि मशीन ढकलत शेजारच्या खोलीत गेली.

थोड्या वेळाने सिस्टर चाकाची खुर्ची घेऊन आली. "माई, शेजारी येता का? त्यांनी बोलावलंय तुम्हाला."

"मला?" माईंनी केस सारखे केले, पदर नीट घेतला. एवढ्या मोठ्या माणसाने बोलावलं म्हणजे काय. सुनेने खुर्ची ढकलत नेली.

खोलीत सोनोग्राफीचं मशीन लावून डॉक्टर पोरगी उभी होती. तिच्यापुढे ते खाटेच्या कडेला बसले होते, उशी कवटाळून, सदरा मानेपर्यंत वर सारून.

"या माई, समोर बसा," ते म्हणाले. "इतक्यांदा पाणी काढलं हिने माझं, तरी सुई म्हटलं की माझे पाय लटपटतात."