पोरांची रायफल

पुन्हा बार निघाला आणि रोवेनाच्या डोळ्यांत पाणीच आलं. घोड्याने लाथ झाडावी तशी मॅग्नम रायफल तिच्या खांद्यावर आदळली. गोळी निशाणाच्या फळीवरून पार मागच्या टेकाडात गेली.

"अजून एक मार," तिचा बाप ऑर्व्हल म्हणाला. "सवय होते."

"नाही होत, डॅड." तिने रायफल बाकावर ठेवली. घोड्यावरून पडून मोडलेला तिचा खांदा आत्ता कुठे जुळून आला होता. एल्कच्या, त्या घोड्याएवढ्या थोराड हरणाच्या, शिकारीचा हंगाम तोंडावर होता, आणि परवाना पहिल्यांदाच तिच्या नावाने निघाला होता. "मी ती दुसरी घेणार."

बंदुकांच्या दुकानाची आणि या नेमबाजीच्या मैदानाची मालकीण बर्निस ती दुसरी घेऊन उभीच होती. आखूड दस्ता, त्याला मऊ रबराची गादी, काडतूस बारीक. रोवेनाने ती खांद्याला लावली आणि एकामागून एक बार काढले. सगळ्या गोळ्या तळहाताखाली झाकतील अशा बसल्या.

"पोरांना शिकायला देतात ही," ऑर्व्हल म्हणाला. शेजारच्या बाकावरचे दोन गुराखी फिदीफिदी हसले. "आपल्या घरात असलं खेळणं आलं नाही कधी. एल्क म्हणजे काय ससा वाटला तुला?"

"फुप्फुसात नेमकी बसली की एल्क पडतो. बंदुकीने माझा खांदा किती सुजवला, ते तो विचारत नाही."

"तोंड चालव तू नुसतं. भर ती मॅग्नम, दाखवतो."

रोवेनाने मॅग्नम उचलली. काडतूस भरायचा बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला, पण काडतूस मुठीतच ठेवलं. सकाळी बर्निसने तिलाही अशीच न भरलेली रायफल देऊन, चाप ओढतानाचं तिचं बिचकणं दाखवून दिलं होतं. रिकामी रायफल तिने बापाच्या हातात दिली.

ऑर्व्हलने ऐटीत नेम धरला. चाप ओढला.

खट्ट.

धक्का बसायला काही नव्हतंच. तरी नळी वीतभर खाली गेली, खांदा आक्रसला आणि ऑर्व्हलचे डोळे गच्च मिटले. सगळ्यांच्या देखत.

रोवेनाने मूठ उघडून काडतूस त्याच्यापुढे ठेवलं. आता हा भडकणार, हे तिला ठाऊक होतं. भडकू दे. ती जागची हलली नाही.

ऑर्व्हलने ते काडतूस उचलून खिशात टाकलं. मग त्याने मॅग्नम बाजूला सारली.

"बर्निस, या पोरांच्या रायफलीला लांब दस्ता मिळतो का गं? माझ्या मापाचा?"

"काय ऑर्व्हल, म्हातारपणी खेळणं?" शेजारचा एक गुराखी ओरडला.

ऑर्व्हल सरळ त्याच्याकडे वळला.

"हो, खेळणं! जन्मभर डोळे मिटून चाप ओढला. यंदा एल्क पडताना बघायचाय मला."