फुलदाणीची ओटी

"अगं, हिला दिवस गेलेत," म्हणत सासूबाईंनी शाल्मलीनं घडवलेल्या गरगरीत पोटाच्या फुलदाणीची खणानारळानं ओटी भरली, तेव्हा शाल्मली हसून हसून लोळली होती.

आज फुलदाणी न्यायला गिऱ्हाईकबाई स्टुडिओत आल्या, तर मोठीच्या कुशीत एक इवलीशी फुलदाणी! भट्टी थंडगार, आणि ही मात्र चांगली कोमट.

"बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडणार नाही," सासूबाईंनी ठणकावलं.

ठरलेला सौदा हातचा जाणार म्हणून शाल्मलीनं कपाळावर हात मारला. पण गिऱ्हाईकबाई पदर सावरत बाळावर वाकल्या. "डिंकाचे लाडू पाठवते हो," त्या कुजबुजल्या, "पण पोरीनं ही तोटी कुणाची घेतलीय?"

शाल्मलीनं वळून पाहिलं. मठातल्या स्वामींसाठी घडवलेल्या कमंडलूनं फळीवर आपली तोटी गुपचूप भिंतीकडे वळवली होती.