बिनमटणाची सुगी

"भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं लागतंय," डेसमंड म्हणाला आणि त्याने काटा खाली ठेवला.

बेरिलने तो डबा बाजूला सारला आणि पुढचा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. सुपरमार्केटातून आणलेल्या शाकाहारी तयार जेवणांची टेबलावर उतरंड लागली होती. पालकाचा लझान्या केव्हाच नापास झाला होता. डाळीचं पॅटिस डेसमंडने कुत्र्यापुढे धरलं, तर कुत्रा उठून दुसऱ्या खोलीत गेला.

थॉर्नबेक गावात सुगीचं जेवण म्हणजे बेरिलचा मटण-बटाट्याचा हॉटपॉट, हे सगळे धरूनच चालत. चर्चच्या हॉलमधल्या स्वयंपाकघराची किल्ली कायम तिच्या ॲप्रनला असे. आई गेली तेव्हा तिला घरी रडू आलं नाही, ते त्या ओट्याशी उभं राहून बटाटे सोलताना आलं. आणि आता नव्या पाद्रीबाई आल्या होत्या. फिलिपा नाव, वय तरुण, फिरणं सायकलवर आणि खाणं शाकाहारी. यंदाचं जेवण बिनमटणाचं, असं त्यांनी गोड हसून जाहीर केलं. ज्यांना स्वयंपाक हातात घ्यायचाय त्यांनी शनिवारी एकेक पदार्थ करून आणावा. ज्याचा आवडेल त्याच्याकडे किल्ली. हे ऐकताच किल्लीवर कधीचा डोळा असलेल्या हिल्डा आणि मेविस आपापल्या खुर्चीत ताठ बसल्या.

बेरिलने आधी स्वतः करून पाहिलं होतं. पदार्थ राहू द्या, पातेलंसुद्धा वाचलं नाही. उभा जन्म मटण शिजवण्यात गेलेल्या हाताला भाजीची चव कुठून सुचणार?

"अगं, झालं की गरम! आण इकडे."

"थांब जरा. निम्म्यात बाहेर काढून ढवळायचं आणि परत ठेवायचं, असं खोक्याच्या मागे लिहिलंय."

"ते कोण वाचतं?"

"मी वाचते."

खरंच वाचायची. खोकल्याचं औषध असो की कपड्यांचा साबण, मागचा मजकूर वाचल्याशिवाय बेरिल झाकण उघडत नसे. डेसमंडने या सवयीपुढे लग्नानंतर लगेचच हात टेकले होते.

हा मशरूम आणि चेस्टनटचा स्ट्यू होता. डेसमंडने एक घास घेतला. मग दुसरा. मग पावाने डबा पुसून काढला.

"यात मटण नाही?"

"नाही."

"मग हाच."

खरी अडचण रिकाम्या खोक्यांची होती. थॉर्नबेकमध्ये कचरागाडी येण्याच्या दिवशी शेजाऱ्याच्या कचरापेटीत डोकावण्याला कोणी भोचकपणा म्हणत नाही, सकाळचा फेरफटका म्हणतात. म्हणून बेरिलने सगळी खोकी काळ्या पिशवीत भरली आणि डेसमंडला पार शहराच्या कचरा केंद्रावर पिटाळलं.

तो परत आला तो शीळ घालतच. "तिथे हिल्डाचा नवरा केनेथ भेटला. मेविसचा नवरापण होता."

बेरिलने घाईने दार लावून घेतलं. "तुझ्या पिशवीत काय आहे, विचारलं त्यांनी?"

"छे! असं कोणी विचारतं का? त्यांच्याही हातात पिशव्या होत्या. आम्ही हवेबद्दल बोललो. उद्या पाऊस आहे म्हणे."

बेरिलचा जीव भांड्यात पडला. स्वतःच्या चोरीची धास्ती इतकी होती की दुसऱ्यांच्या पिशव्यांचा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

शनिवारी तिने स्ट्यू आईच्या निळ्या भांड्यात ओतून नेला. वर परसातली कोवळी पार्सली भुरभुरली. हॉलमध्ये तीन भांडी शेजारी-शेजारी मांडली गेली. पाद्रीबाईंनी झाकणं काढली.

तिन्ही भांड्यांत तोच तपकिरी रस्सा. तेच अख्खे चिमुकले कांदे, तेच अर्धे कापलेले चेस्टनट. फरक काय तो भांड्यांच्या रंगाचा.

हिल्डाने मेविसच्या भांड्यात डोकावून पाहिलं, मेविसने हिल्डाच्या.

"आमच्या आजीची पद्धत," हिल्डा म्हणाली.

"आमच्याही," मेविस घाईघाईने म्हणाली.

बेरिललाही आजी होती, पण जीभ रेटेना. स्वयंपाकघरातल्या त्या ओट्याकडे तिने एकदा पाहिलं आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. ॲप्रनची किल्ली सोडून तिने टेबलावर ठेवली. "पाद्रीबाई, मला जरा सांगायचंय..."

"आधी खाऊ तर द्या," पाद्रीबाई म्हणाल्या आणि त्यांनी चमचा उचलला.

हिल्डाच्या भांड्यातल्या घासात कडेचं काहीतरी करपून चामडं झालेलं निघालं. ते त्यांनी बराच वेळ चावलं. मेविसच्या घासात कॉर्नफ्लोअरची पांढरी गुठळी आली. ती त्यांनी देवाचं नाव घेऊन गिळली. मग बेरिलचा घास घेतला. थांबल्या. दुसरा घेतला. मग निळं भांडंच जवळ ओढलं आणि बेरिलचा बांध फुटायची वेळ आली तरी त्या खातच राहिल्या.

शेवटी त्यांनी तोंड पुसलं, किल्ली उचलली आणि बेरिलच्या हातात ठेवून तिची मूठ मिटली. हिल्डा आणि मेविसने टाळ्या वाजवल्या. दुसरं करणार तरी काय होत्या?

"अहो पण, यात माझं काहीच नाही," बेरिल रडवेल्या आवाजात कुजबुजली.

"मला का माहीत नाही?" पाद्रीबाई तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या. "एकटीच्या घरात मी रोज हाच डबा तसाच गरम करून खाते. पण कुणीतरी निम्म्यात बाहेर काढून ढवळलेला आज पहिल्यांदा खाल्ला."