बाबांचा ठेका
किन्हीराजा गावात भीमजयंतीचा कार्यक्रम रंगात आला आणि धम्मदीपाच्या गिटारचा सूर बाबांच्या ढोलकीशी जुळेनासा झाला. तिच्या पायाशी असलेलं डिले पेडल एकदा छेडलेला सूर ठरल्या अंतरानं पुन्हा पुन्हा ऐकवायचं. ते अंतर ती बाबांकडूनच घ्यायची. गाण्याआधी ते थाप द्यायचे, ती त्याच लयीत पायानं पेडल दाबायची. "तुही मशीन चुकते पोरी, मी नाई चुकत," ते म्हणायचे, आणि ते खरंच कधी चुकले नव्हते. आज मात्र सूर आधी परतत होता, थाप मागून पडत होती. आपलाच पाय चुकला असेल म्हणून तिनं थापेबरोबर पेडल पुन्हा दाबलं. दोन ओळी जुळल्या, मग थाप पुन्हा मागे पडली. तिनं अंतर आणखी वाढवलं. गाणं रांगायला लागलं, तशी गाणारी बेबीताई माइक बाजूला धरून ओरडली, "दीपा, आग लाव त्या मशीनले! गाणं काहून झोपवून राह्यली?" चूक मशीनची असती, तर एकदा पेडल दाबल्यावरच मिटली असती. धम्मदीपानं पुन्हा उचललेला पाय तसाच खाली ठेवला आणि मागे वळून पाहिलं. बाबांचा डावा हात ढोलकीवरून घसरून मांडीवर पडला होता. ते एकट्या उजव्या हातानं वाजवत होते. "बाबा!" ती किंचाळली. त्यांनी मान वर केली आणि तिला धीर द्यावा म्हणून ते हसले, अर्ध्याच तोंडानं.