दहावी पायरी

जैतुनाच्या डोंगरावर एका साध्वीची कबर आहे. मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू तिचं नाव वेगवेगळं सांगतात, पण नियम तिघांचा एकच: जो झाडतो त्याची पायरी. कबरीकडे उतरणाऱ्या नऊ पायऱ्या तिघांनी वाटून घेतल्यात. सगळ्यात खालच्या दहावीवर तिघांचाही दावा, म्हणून तिला कुणीच झाडू लावायचा नाही.

गेला आठवडाभर ती रोज लख्ख झाडलेली दिसत होती.

"हे तुमचंच काम, बाई. किल्ली तुमच्याकडे असते," फादर प्रोकोपी म्हणाले.

"मला झाडायची असती तर तुमच्या डोळ्यांदेखत झाडली असती," मुसलमानांच्या पायऱ्या झाडणारी नबीहा म्हणाली. "चोरून कशाला?"

"मग लावा वरच्या दाराला कुलूप," ज्यूंचा म्हातारा झेलिग म्हणाला. "बसू तिघंही इथंच."

भर दुपारी तिघं बंद दारासमोर बसले. थोड्या वेळानं आतून झाडूचा आवाज आला. आधी खाली, मग एकेक पायरी वर. दाराशी आला तसा दाराखालच्या फटीतून केर बाहेर पडला, आणि केरामागून झाडूच्या काड्या.

"पाय वर घ्या," झेलिग पुटपुटला. त्यानं आणि फादरनी घेतलेही.

नबीहानं चप्पल काढली आणि अनवाणी पाय फटीसमोर घट्ट रोवला. "सात पिढ्या आम्ही इथं झाडतोय. मी नाही हलवत पाय."

झाडू थांबला. मग, ती स्वतःची पायरी झाडायची तसाच, सावकाश, एकही बोट न सोडता, त्यानं तिचा पाय झाडून घेतला.