पाचवी रकात

उजव्या हाताची बोटं डाव्या हाताच्या पाठीवर मारली, की टाळी अगदी बारीक वाजते. नमाज पढवणारा चुकला, तर मागच्या बाईने द्यायचा हा इशारा मला अब्बांनीच शिकवला.

आज घरी असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाच्या चारही रकाती, चारही आवर्तनं झाल्यावर अब्बा पाचवीसाठी उभे राहिले. मी टाळी दिली. अम्मीनेही दिली. अब्बा नमाज मोडून वळले. “कसल्या टाळ्या वाजवताय?”

तीस वर्षं ते मशिदीत नमाज पढवत होते. वर्षभर आम्ही “विसरायला होतंय, आता थांबा” म्हणायचो, ते हसण्यावारी न्यायचे.

“अब्बा, पाचवी होती.”

ते मुसल्ल्यावर, नमाजाच्या चटईवर मटकन बसले.

“मशिदीत गुडघे दुखतात म्हणून सांगू,” अम्मी म्हणाली.

“नको. विसरतो, असंच सांगा. उद्यापासून मी नमाज पढवणार नाही.”